बंडीच्या चाकोरीत मिलिटरी गाडी

पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. त्यामुळे आमच्या भागात मिलिटरीचे ट्रक ही काही अपूर्वाई नाही. लहानपणी हिरव्या गाड्यांची रांग सडकेनं निघाली की आम्ही पोरं निंदण टाकून धुऱ्यावर उभी राहायचो आणि गाड्या मोजायचो. रांगेच्या शेवटी बरेचदा एक वेगळी गाडी असायची, पाठीवर क्रेनसारखा दांडा घेतलेली. ती कशाला लागते हे समजायला मला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

ही आठवण निघाली पुतण्यामुळे. समृद्धी महामार्गात त्यांचं काही वावर गेलं, मोबदला आला. त्यातला बराचसा घरात आणि बहिणीच्या लग्नात लागला. उरलेल्यात त्याला गाडी घ्यायची आहे. मोबाइलवर त्यानं मला एक हमर दगडांवरून चढताना दाखवली.

"काकाजी, घ्याची तं अशीच दणकट घ्याची. मिलिटरीवाली. पांदनीत फसाचं कामच नाई."

"इकडं भेटते का हे?"

"हे नाई भेटत. पन हिच्यासारखी भेटते."

खरी हमर आपल्याकडे मूठभर हौशी लोकांकडेच आहे, धोनीकडची तर सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. पण "हिच्यासारखी" गाडी, म्हणजे उंच, चौकोनी, जाड टायरची, समोर छाती काढून उभी असलेली, आता तालुक्याच्या प्रत्येक गावात एखादी तरी दिसते. अशी गाडी आपल्यासारख्या माणसाच्या कामाची असते का? माझं उत्तर "बहुतेक वेळा नाही" असं आहे. पण नुसतं उत्तर देऊन पुतण्या ऐकणाऱ्यातला नाही, म्हणून जरा उलगडून सांगतो.

ही गाडी कोणासाठी बनली

अमेरिकी लष्कराला जुन्या जीपच्या जागी एक मोठी, सगळीकडे चालणारी गाडी हवी होती. १९८३ साली एएम जनरल या कंपनीला तिचं कंत्राट मिळालं. सरकारी नाव लांबलचक होतं, सैनिकांनी त्याचं हमवी करून टाकलं. १९९१च्या आखाती युद्धात ती टीव्हीवर जगभर दिसली. अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगर ती आपल्याला मिळावी म्हणून कंपनीच्या मागे लागला आणि १९९२पासून सामान्य गिऱ्हाइकांसाठी हमर विक्रीला आली. १९९९मध्ये हे नाव जनरल मोटर्सनं घेतलं. मूळ गाडीला एच१ म्हणू लागले आणि २००२मध्ये एच२ आली.

इथे एक गंमत आहे. एच१ खरोखर लष्करी गाडीचीच बहीण होती. एच२ मात्र कंपनीच्या नेहमीच्या पिकअप आणि एसयूव्हीच्या सांगाड्यावर बांधलेली, अंगरखा तेवढा हमरचा. म्हणजे खुद्द हमरच्या कंपनीनंच "हिच्यासारखी" काढली, आणि खपली तीच जास्त. एच१ २००६मध्ये बंद झाली, हमरचं दुकान २०१०मध्ये गुंडाळलं. अलीकडे हे नाव विजेवरच्या गाडीला दिलंय, तिचं वजन ४ टनांच्या वर आहे.

एच१च्या पोटाची जमिनीपासूनची उंची सुमारे १६ इंच, म्हणजे ४० सेंटिमीटर. ही उंची मिळवायला त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. साध्या गाडीत इंजिनापासून चाकापर्यंत जाणारा शाफ्ट आणि गिअर गाडीच्या पोटाखाली लोंबतात. हमवीत ते सगळं उचलून वर, बसायच्या जागेच्या मध्ये आणलं आणि चाकांपाशी वेगळे गिअर बसवून ताकद खाली उतरवली. पोट मोकळं झालं, पण आत डावी सीट आणि उजवी सीट यांच्यामध्ये एक भला मोठा ओटा तयार झाला. त्यामुळे गाडी २.२ मीटर रुंद, सव्वासात फूट, आणि आत माणसं चार. ड्रायव्हरला शेजारच्याशी बोलायचं तर ओट्यापलीकडे हाक मारावी लागते. आमच्या आर्वी रोडवरच्या काळी-पिवळीवाल्याला हे सांगितलं असतं तर तो हसून हसून लोळला असता. तेवढ्या जागेत त्यानं पंधरा सीटा, दोन बकऱ्या आणि टपावर सोयाबीनचं पोतं बसवलं असतं.

पण लष्कराच्या हिशोबात हा ओटा चुकीचा नाही. चार सैनिक, त्यांची हत्यारं, रेडिओ, आणि खाली दगड लागला तरी गाडी थांबली नाही पाहिजे. त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं. आपल्याला काय हवं आहे, हे आपण ठरवलेलं नसतं, तिथेच घोळ होतो.

चाकोरी

मराठीत चाकोरी हा शब्द आपण आता बहुतेक वेळा भाषणातच ऐकतो. चाकोरीबाहेरचं जगणं वगैरे. पण पांदणीतून, म्हणजे वावरांमधल्या अरुंद वाटेनं, बंडी हाकलेल्या माणसाला चाकोरी म्हणजे खरंच चाकांनी पाडलेल्या दोन समांतर खोल रेघा. पावसाळ्यात त्या ओल्या असताना पडतात आणि दिवाळीनंतर विटेसारख्या कडक होतात. त्यातून चाक बाहेर काढायला बैलही तयार नसतो.

बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण साडेचार-पाच फूट. छोटा ट्रॅक्टरही त्याच्या आसपास चालतो. हमवीच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट. मोठ्या लष्करी ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत चाक बसावं, असा तो आकार आहे. लष्कराची गाडी लष्कराच्याच चाकोरीसाठी आहे.

ती आपल्या पांदणीत आणली तर काय होईल? एक चाक चाकोरीत, दुसरं बाहेरच्या वरंब्यावर, आणि गाडी एका अंगावर कललेली. उजवीकडे बाभळीच्या काट्या, डावीकडे कोणाचं तरी कुंपण. आमच्याकडच्या कित्येक पांदणी दोन्ही बाजूंनी अतिक्रमणानं खाल्ल्या आहेत. नकाशावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी यांची गाठभेट फक्त मोजणीच्या दिवशी होते.

डांबरी रस्त्यावरही सुटका नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या एकेरी रस्त्याचा डांबरी पट्टा ३.७५ मीटर असतो, वाहतूक कमी असेल तिथे ३ मीटरही चालतो. पावणेचार मीटरमधून सव्वादोन मीटर हमरने घेतले की उरतात दीड मीटर. समोरून कापसाची बंडी आली तर कोणाला तरी साइडपट्टीवर उतरावं लागणार. साइडपट्टी कशाची? आपल्याच काळ्या मातीची. आषाढात त्या साइडपट्टीवर गाडी घातली की काय होतं, हे पुढे येतंच.

रुंदी उगाच नसते, हेही सांगायला हवं. गाडी उंच केली की तिचा भारबिंदू वर जातो आणि ती कलंडायला सोपी होते. उंच भरलेली कापसाची बंडी उतरत्या धुऱ्यावरून नेताना आपण दोन माणसं एका बाजूला दोराला लटकवतो, तेच शास्त्र. दोन चाकांमधलं अंतर जितकं जास्त आणि भारबिंदू जितका खाली, तितकी गाडी पक्की. हमवी उंच म्हणून रुंदही केली. आपल्याकडच्या काही उंच गाड्या टपावर सामान, मागे सहा माणसं आणि वळणावर ९०चा वेग अशा चालवल्या जातात. त्यांना उंची आहे, पण हमवीची रुंदी नाही. ती परवडणारही नाही, कारण मग त्या पांदणीत मावणार नाहीत.

काळी माती कोणाला सोडत नाही

पुतण्याचं म्हणणं, जड आणि ताकदवान गाडी फसत नाही. हा समज सगळ्यात खोल रुतलेला आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

विदर्भाची काळी जमीन लाव्हाच्या खडकापासून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि झडीत तीच जमीन लोण्यासारखी होते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका, तिथे पावसाळ्यात माणसाची चप्पलसुद्धा माघारी येत नाही.

गाडी अशा मातीत दोन कारणांनी अडकते. एक, ती बुडते. दोन, चाक जागच्या जागी फिरतं.

बुडणं हा वजनाचा आणि जागेचा हिशोब. समजा गाडी साडेसतरा क्विंटलची. म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण चार क्विंटल ३५ किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला तर प्रत्येक टायर जमिनीला जेमतेम २०० चौरस सेंटिमीटर टेकतो. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी जागा. एवढ्या चार जागांवर अख्खी गाडी उभी. उभा माणूस दोन पायांवर जमिनीला जो दाब देतो, त्याच्या दसपट हा दाब आहे. म्हणून जिथे माणूस चालून जातो तिथे गाडी बसते.

वजन दुप्पट केलं आणि टायर तेवढाच ठेवला तर भागणार नाही, म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतो. म्हणजे जडपणामुळे जे बिघडलं ते टायर रुंद करून कसंबसं बरोबरीत आणायचं. हलक्या गाडीला ती भानगडच कमी. शिवाय हलकी गाडी फसलीच तर चार माणसं "हो हो हो" करून उचलतात. ३२ क्विंटलची हमर फसली तर गावातला मोठा ट्रॅक्टर शोधत बसा, आणि तो नेमका मळणीवर गेलेला असतो.

एक उपाय मात्र लष्कराकडून शिकण्यासारखा आहे: हवा कमी करणे. टायरमधली हवा ३२वरून १८-२० पीएसआयवर आणली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, दाब कमी होतो. हमवीच्या कुळात बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करायची सोय मिळते. आपल्याला काडी घेऊन वॉल्व्ह दाबावा लागेल आणि सडकेवर आल्यावर पुन्हा हवा भरावी लागेल, नाहीतर टायर तापून फुटतो. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर डिकीत ठेवला की झालं. हा खर्च लाखांतला नाही.

आता दुसरं कारण, चाक फिरणं. इथे "फोर बाय फोर" हा शब्द येतो आणि गाडीच्या मागे तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. तो समजायला बैलांचं जू उत्तम.

जू मध्यभागी दांडीला बांधलेलं असतं, तिथे ते थोडं मागं-पुढं होतं. एक बैल दमदार आणि दुसरा अडेल असेल तर काय होतं? दमदार बैल पुढे जातो, जू तिरकं होतं, पण बंडी पुढे जात नाही. अडेल बैल जेवढं ओढेल तेवढंच दुसऱ्याचंही ओढणं कामी येतं. गाडीतलं डिफरन्शिअल अगदी हेच करतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं हे गिअरचं जू. सडकेवर ते हवंच. पण एक चाक चिखलात गेलं की ते अडेल बैल होतं. ते गरगर फिरतं आणि कोरड्या जागेवरचं चाक शांत उभं राहतं.

फोर बाय फोर म्हणजे पुढे एक जू, मागे एक जू, दोन्हींना इंजिनाची ताकद. पण दोन्ही जू मोकळेच असतील तर पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की चारचाकी ताकद गेली मातीत. याला उपाय लॉक. जू दांडीला घट्ट आवळून टाकायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील. पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखा या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे असं कुलूप मिळतं. तेव्हा गाडी बघायला गेलात तर छाती आणि बंपर पाहण्याआधी विचारा: लॉक आहे का, कुठल्या आक्साला?

आणि त्याहून आधी हे विचारा की ही गाडी फोर बाय फोर आहे तरी का. २०२३च्या जानेवारीपासून थार फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या पुष्कळ तशाच आहेत. त्यात वाईट काही नाही, सडकेसाठी ती ठीकच. पण मागून पाहून वाटतं रणगाडा आणि पांदणीत निघते अल्टोची मोठी बहीण. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

नाला

हा भाग मी हसत लिहू शकत नाही.

सप्टेंबर २०२१मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर एसटी वाहून गेली. जुलै २०२२मध्ये सावनेर तालुक्यात नाल्याच्या पुरात एक एसयूव्ही माणसांसकट गेली. दोन्ही वेळा गाडी लहान नव्हती. एसटीपेक्षा जड गाडी तर तुम्ही-आम्ही घेणार नाही.

कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं की गाडी ६५० किंवा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. ते खरं आहे, पण ते थांबलेल्या पाण्यासाठी, खालची जमीन पक्की असताना, माणूस चालायच्या वेगानं. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरून, वाहणारा नाला यातली एकही अट पाळत नाही.

हिशोब असा. गाडी चार मीटर लांब, १.८२ मीटर रुंद धरा, म्हणजे पायाखालची जागा सुमारे सव्वासात चौरस मीटर. गाडीचा तळ पाण्याला लागल्यावर पाणी दर १० सेंटिमीटर वर चढलं की ते गाडीला सुमारे सात क्विंटलनं वर उचलतं. दारं-काचा बंद असल्यामुळे पाणी लगेच आत येत नाही, गाडी डब्यासारखी होते. साडेसतरा क्विंटलची गाडी तळाच्या वर २५ सेंटिमीटर पाण्यात तरंगायला लागते. एक वीत पाणी. तरंगायच्या कितीतरी आधी, अर्धं वजन गेलं की टायरची पकडही अर्धी होते, आणि मग आडवा लोंढा तिला ढकलतो. लोंढ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट तर धक्का चौपट.

हमर काढून पाहू. ती लांब-रुंद असल्यामुळे दर १० सेंटिमीटरला सुमारे दहा क्विंटल हलकी होते. वजन ३२ क्विंटल. तळाच्या वर फूटभर पाण्यात तीही तरंगली. उंच आहे म्हणून आणखी थोडं पाणी सोसेल, बस. दुप्पट वजनाच्या बदल्यात आपल्याला वीतभर सवलत मिळाली. आणि मोठ्या गाडीचा खरा धोका हा की ती ड्रायव्हरला धीर देते. स्प्लेंडरवाला रपट्यापाशी थांबतो, पाण्यात काडी टाकून बघतो, चहा पितो. मोठ्या गाडीवाल्याला मागे बसलेले म्हणतात, "निघते बे, टाक."

भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तिथले लोक गाडीचा विचारही करत नाहीत. डोंगा, नाहीतर वाट पाहणं.

समोर उभं असलेलं पोर

गाडीचं तोंड उंच आणि उभं असलं की रुबाब वाढतो. त्याच तोंडामागे काही दिसत नाही, हे रुबाबात मोजलं जात नाही. आपल्या गावात सडक म्हणजेच अंगण. पोरं, शेळ्या, कोंबड्या, ओट्यावरून उतरणारी म्हातारी.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या विम्याशी संबंधित सुरक्षा संस्थेनं २०२३मध्ये पायी चालणाऱ्यांच्या हजारो अपघातांचा अभ्यास केला. ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक बसली तर माणूस मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण सोपं आहे. खालचं बॉनेट पायाला लागतं आणि माणूस वर पडतो. उंच बॉनेट छातीला, डोक्याला लागतं आणि माणूस खाली जातो. मोठ्या माणसाची ही गत, मग पाच वर्षांच्या पोराची उंची आठवा.

त्यावर आपले लोक समोर लोखंडी बुलगार्ड बसवतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना कळवलं होतं की हे बेकायदेशीर आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागतं. तरी तालुक्याच्या दुकानात ते सर्रास मिळतं, आणि ज्यांनी अडवायचं त्यांच्याही गाडीला कधी कधी दिसतं.

पैशाचं

ही बाजू थोडक्यात, कारण कास्तकाराला आकडेमोड शिकवायची गरज नाही. महिन्याला १२०० किलोमीटर चालणं धरा. लिटरला १८ देणारी गाडी ६७ लिटर पिते, १२ देणारी १००. फरक ३३ लिटर. डिझेल नव्वदीत धरलं तरी वर्षाला सुमारे ३६ हजार. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे साडेचार क्विंटल कापूस, कोरडवाहूत जवळपास एका एकराचं पीक, नुसत्या जास्तीच्या डिझेलात. हमर लिटरला चार-पाच किलोमीटर देते. तिचा हिशोब तुम्हीच करा, मला वावर विकायचं नाही.

कराचं पाहा. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतली आणि छोट्या इंजिनाची गाडी, म्हणजे पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के जीएसटीत येते. मोठीला ४० टक्के. थारचं छोटं डिझेल १८मध्ये बसतं, पण ते दोन चाकांवर चालणारं. फोर बाय फोर घेतलं तर इंजिन मोठं आणि कर ४०. ट्रॅक्टरला ५. सरकारला पांदणीत कोण जातं हे बहुधा माहीत आहे.

अमेरिकेत याच्या उलट झालं, आणि ती कथा विदर्भात सांगण्यासारखी आहे. तिथल्या करकायद्यात ६,००० पौंडांहून, म्हणजे सुमारे २,७०० किलोंहून, जड गाडी धंद्यासाठी घेतली तर मोठी वजावट मिळायची. हेतू हा की शेतकऱ्याला आणि लहान धंदेवाल्याला ट्रक लागतो. २००३मध्ये या वजावटीची मर्यादा एक लाख डॉलरपर्यंत वाढवली. हमर इतकी जड की आपोआप त्यात बसली. मग डॉक्टर, वकील, घरांचे दलाल, सगळे हमर घेऊ लागले, कागदावर धंद्यासाठी. इतका बोभाटा झाला की २००४मध्ये एसयूव्हीसाठी मर्यादा २५ हजारांवर आणली. शेतकऱ्याच्या नावानं निघालेली सवलत कोणाच्या दारात उभी राहते, यात देशादेशांत फार फरक नाही.

रांगेतली शेवटची गाडी

लष्करी गाडी घेण्यापेक्षा लष्कर स्वतः काय करतं ते पाहिलं पाहिजे.

आपल्या सैन्यानं वर्षानुवर्षं वापरली ती मारुतीची जिप्सी. १९८५ साली आलेली, दीड मीटरच्या थोडी वर रुंद, वजन जवळपास दहा क्विंटल. डोंगरातल्या अरुंद वाटेवर हीच चालते, फसली तर जवान उचलून बाजूला ठेवतात. २०१७मध्ये सैन्यानं टाटाच्या ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्या मागवल्या, कारण त्यांना ८०० किलो भार, पक्कं छप्पर आणि एसी हवा होता. म्हणजे गरज बदलली तेव्हा गाडी बदलली. ताडोब्यातही इतकी वर्षं वाघ जिप्सीतूनच पाहिला गेला.

उलट उदाहरण जोंगाचं. आपल्या शेजारच्या जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९पासून बनलेली भक्कम गाडी, जवळपास चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लिलावात निघालेले जोंगा लोकांनी हौसेनं घेतले. मग पेट्रोलचं बिल पाहून इंजिन काढलं आणि ट्रॅक्टर-टेम्पोच्या वर्गातलं डिझेल बसवलं. बाहेरून मिलिटरी, आतून बाजारहाट. विदर्भातल्या माणसाला हमरबद्दल जे कळायला हवं ते जोंगानं आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि ती रांगेतली शेवटची गाडी. ती रिकव्हरी व्हॅन होती. फसलेल्या, बिघडलेल्या गाड्या ओढून काढणारी. सैन्यात ईएमई नावाचा एक अख्खा विभाग गाड्या आणि यंत्रं चालू ठेवण्यासाठी आहे. मिस्त्री त्यांचे, सुटे भाग त्यांचे, डिझेल चालवणाऱ्याच्या खिशातून जात नाही. जगातलं सगळ्यात दणकट वाहन चालवणारी माणसं सोबत ओढणारी गाडी घेऊन निघतात, कारण त्यांना माहीत असतं की गाडी फसतेच. आपण गाडी एकटीच घेतो. तिचा सेन्सर गेला की गावचा मिस्त्री हात वर करतो आणि गाडी दुसऱ्या गाडीवर बसून नागपूरला जाते. बोलेरो किंवा जुनी कमांडर घ्या, पारावरचा मिस्त्री पान्यानं उघडतो आणि शिव्या देत देत नीट करतो.

मी पुतण्याला गाडी घेऊ नको म्हटलं नाही. त्याचा पैसा, त्याची हौस, आणि हौसेला कोणाच्या बापाचं कर्ज नाही. फक्त रविवारी टेप घेऊन आम्ही दोघं पांदणीत गेलो. नाल्याच्या आधी जिथे दोन्ही बाजूंनी बाभळी आत आल्यात तिथे धरला. सात फूट चार इंच. आरसे सोडून हमर सव्वासात फूट.

"आरसे लोटून घेतले तं जमते," तो म्हणाला.

मग त्यानं टेप गुंडाळला, चाकोरीत बसून तीही मोजली, आणि उठता उठता विचारलं, "काकाजी, ते जिप्सी किती रुंद अस्ते म्हनता?"